रुसलेल्या जावयाचा ठेका

नांदेड,
१२ जानेवारी २०२६

ती. साडूभाऊ शेषेराव यांस,
उद्धवचा सविनय नमस्कार.

विषय: देगलूरच्या लग्नात माझ्याकडून झालेली चूक.

हसू नका. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं लिपिकी केली, विषय लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. तुम्ही फोन उचलत नाही आणि उचलला तर "हां, हां, बरं" म्हणून धोंडाबाई आक्कांच्या हातात देता. म्हणून शेवटी कागद काढला.

सहा आठवडे होत आले. आपल्या मेव्हण्याच्या, सिद्धेश्वरच्या सृष्टीचं लग्न. आहेराच्या वेळी माइकवाल्याने आधी माझं नाव घेतलं. धाकट्या जावयाचं आधी आणि थोरल्याचं नंतर, असं कुठे होतं का? मीही बिनडोकपणे उठलो आणि फेटा बांधून घेतला. मग तुमचं नाव तीनदा पुकारलं आणि तुम्ही जागचे हलला नाहीत. सासूबाई हात जोडून पुढे आल्या तेव्हा सगळ्या मांडवाला कळलं की थोरले जावई रुसले. पंगतीत मी तुमच्या डाव्या हाताला बसलो होतो. हळूच म्हणालो, "दादा, माझं चुकलं." तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. वाढप्याकडे वरणावर तूप मागितलं.

येत्या मे महिन्यात धोंड्याचा महिना लागतोय. सासूबाई दोन्ही जावयांना बोलावणार, शेजारी शेजारी पाट मांडून धोंडे जेवू घालणार. त्या ब्याऐंशीच्या आहेत. तोवर आपलं हे मिटलं नाही तर त्यांच्या जिवाला लागेल. माझ्या तर लागलंच आहे. निवृत्त झाल्यावर ज्याच्याशी तासभर बोलावं असा मला एकच माणूस उरला होता, आणि ते तुम्ही.

दुसरी बातमी थोडी लाजेची आहे. माझं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, चार माणसांत जात जा. राजश्री म्हणाली, "घरात बसून बसून तुमचं डोकं फिरून राहिलंय," आणि मला न विचारता माझं नाव एका मंडळात घालून आली. आमच्या कॉलनीत नीलाबाई म्हणून निवृत्त सिस्टर आहेत. त्या देवळामागच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी सातला वीसेक माणसांना गोल बसवतात आणि ढोल बडवायला लावतात. ड्रम सर्कल म्हणतात त्याला. भजन नाही, मिरवणूक नाही, ऐकणारा कोणी नाही. नुसतं एकत्र वाजवायचं आणि बरं वाटून घ्यायचं. तुम्ही चाळीस वर्षं पखवाज वाजवलेला माणूस. तुम्हाला हे कसं वाटेल या विचारानेच मला घाम फुटला आहे.

आपला,
उद्धव

-

चिंचवाडी, ता. उदगीर
२४ जानेवारी

उद्धवराव,
रामराम.

पत्र मिळालं. इकडे फोनला रेंज नसती. तुरीची रास चालली आहे, दिवसभर शेतातच असतो.

लग्नातलं मी मनात ठेवलेलं नाही. तुम्हीही ठेवू नका. जे झालं ते झालं.

ढोलाचं वाचून धोंडाबाईला आणि मला दोघांनाही हसू आलं. तुम्ही आणि ढोल. पोळ्याला तुम्ही आमच्याकडे आला होता, बैलापुढे हलगी सुरू झाली तेव्हा तुम्ही कानांत बोटं घालून गोठ्यात जाऊन बसला होतात. पण गेलाच आहात तर मन लावून वाजवा. तुम्हाला काय वाजवायला दिलंय? बोटांनी वाजवता का काठीने? बसता कसे? सगळं नीट लिहा. तुमच्या ऑफिसच्या पत्रासारखं दोन ओळींत उरकू नका.

शेषेराव

-

नांदेड,
९ फेब्रुवारी

ती. साडूभाऊ यांस नमस्कार.

विषय: वादनातील प्रगती (नसलेली).

"जे झालं ते झालं" हे तुमचं वाक्य मी राजश्रीला तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणते, "दाजी अजून रुसून हायत. ज्याचा राग गेला तो असं लिहीत न्हाई." मलाही तसंच वाटतं. असो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही फरशीवर सतरंजी टाकून गोल बसतो. चार जणांकडे आफ्रिकेतले जेंबे नावाचे उभे ढोल आहेत. बाकी ज्याला जे मिळेल ते: ढोलकी, डफ, दोन हलग्या, एका बाईंकडे तर पाच किलोचा तेलाचा डबा आहे आणि तो सगळ्यांत चांगला वाजतो. मला हलगी मिळाली. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. थंडीत कातडं सैल पडतं, म्हणून सुरुवातीला हॉलच्या मागे जुने पेपर पेटवून हलग्या शेकाव्या लागतात. मी आजवर पेपर फक्त वाचले होते.

नीलाबाई मधे उभ्या राहून मोठ्याने मोजतात, "एक, दोन, तीन, चार." मी वहीत सगळं लिहून घेतो. कुठल्या आकड्याला उजवा, कुठल्या आकड्याला डावा, रकाने पाडून. तरी मी प्रत्येक वेळी अर्धी मात्रा आधी वाजवतो. पूर्ण वीस माणसं एकदम "धम्" म्हणतात आणि त्याच्या आधी माझं एकट्याचं "टक्" येतं. नीलाबाई मोजणं थांबवत नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघून हसतात, आणि ते जास्त लागतं.

पण एक सांगतो. परतताना घरापर्यंत माझ्या डोक्यात एकही जुनी फाइल नव्हती. असं कितीतरी वर्षांनी झालं.

तुम्ही मला शिकवाल का?

आपला,
उद्धव

-

चिंचवाडी
२० फेब्रुवारी

उद्धवराव,
रामराम.

वही आधी बंद करा. वहीत बघणारा हाताकडे बघत नाही.

तुमचा अर्ध्या मात्रेचा रोग मला माहीत आहे. आठची गाडी असली तर तुम्ही सातला स्टँडवर जाऊन उभे राहता. तेच हातात उतरलंय. औषध सांगतो. राजश्री भाकरी थापायला बसली की समोर बसा आणि नुसतं बघा. ज्वारीचं पीठ फिरतं आणि थाप पडते, फिरतं आणि थाप पडते. ती मोजत नाही. फिरायला लागतो तेवढा वेळ ती पिठाला देते. तुम्ही टिपरू मारल्यावर हाताला वर जायला तेवढाच वेळ द्या. आठ दिवस बघा, नववा दिवस लागणार नाही.

मी हल्ली बघत बसतो. धोंडाबाईच्या थापेत कधी चूक होत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही गोल बसता म्हणजे प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे हात दिसतात का? समोरच्याचे, बाजूच्याचे, सगळ्यांचे? का मधे कोणी आडवं येतं? हे नक्की लिहा.

माझा पखवाज सध्या गवसणीत आहे. खांदा दुखतो.

हरभरा काढायला आला आहे.

शेषेराव

-

नांदेड,
६ मार्च

ती. साडूभाऊ यांस नमस्कार.

विषय: मानाचा फेटा योग्य व्यक्तीस सुपूर्द करणेबाबत.

भाकरीचा उपाय केला. राजश्रीने दोन दिवस समोर बसू दिलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नुसतं काय बघून राहिले, शेकायला तरी घ्या." आता मी भाकरी शेकतो. टिपरू अजून आधीच पडतं, पण अर्ध्याऐवजी पाव मात्रा. नीलाबाईंनी पाठीवर थाप दिली.

हात दिसतात का, हे विचारून तुम्ही माझी थट्टा केलीत ते समजलं. माझ्या चुका किती जण बघतात हेच तुम्हाला जाणून घ्यायचं असणार. बघतात, सगळेच बघतात.

आता मुद्द्याचं. सोबतच्या पार्सलात तो फेटा आहे. देगलूरहून आल्यापासून मी तो घडी मोडून डोक्याला लावलेला नाही. तो थोरल्याचा मान होता, चुकून माझ्याकडे आला. सासूबाईंना मी फोन करून सांगितलं आहे. त्या रडल्या आणि म्हणाल्या, शेषेरावांनी घेतला की मला कळवा. आता तरी राग सोडा.

आपला,
उद्धव

-

चिंचवाडी
१४ मार्च

उद्धवराव,

फेटा मिळाला. तो माझा नाही. ज्याच्या डोक्याला बांधला त्याचा. परत पाठवतो आहे. सासूबाईंना उगाच त्रास दिलात. या विषयावर पुन्हा लिहू नका.

गोलाचं काय चाललंय ते मात्र लिहीत जा.

शेषेराव

-

चिंचवाडी
२१ मार्च

उद्धवरावांना धोंडाबाईचा नमस्कार.

हे पत्र मी लिहिलं हे ह्यांना कळू देऊ नका. चौथी शिकले आहे, चुकलंमाकलं समजून घ्या.

हे रुसलेले नाहीत. ह्यांना ऐकू येत नाही. डावा कान पार गेला. उजव्या कानाशी जाऊन मोठ्याने बोललं तर समजतं. दोन वर्षं होतील. फोनला रेंज आहे, चांगली आहे. लग्नात तो माइक आणि तो बँड, त्यात तुमचं नाव घेतलं का ह्यांचं, ह्यांना काहीच कळलं नाही. आई हात जोडून समोर आली तेव्हा हे माझ्याकडे बघायला लागले. मी कानाशी म्हटलं, "लोकं म्हणून राहिले तुमी रुसले." तर हे म्हणाले, "मग रुसलो आसं म्हणू दे."

आमच्या इथे भागवत भजनात गातो. गेल्या वर्षी एका एकादशीला त्याने अभंग संपवला आणि हे वाजवतच राहिले. मंडळी हसली. वाईट मनाने हसली नाहीत, पण हसली. घरी येऊन पखवाजाला गवसणी घातली ती आजवर काढली नाही. देवळात जात नाहीत. कोणाच्या ओट्यावर बसत नाहीत. खांदा दुखतो म्हणतात. खांद्याला काही झालेलं नाही, परवा हरभऱ्याची पोती उचलली. दवाखान्यात चला म्हटलं की शेतात निघून जातात. असा हसता खेळता माणूस घरात मुका होऊन बसला, हे मला बघवत नाही.

तुमचं पत्र आलं की दोनदा वाचतात. मग परात उपडी घालून तिच्यावर बोटं वाजवतात. तेवढ्यासाठी तरी पत्र बंद करू नका. फेटा परत पाठवतो म्हणाले, पण पेटीत ठेवलाय. पाडव्याला काढून बघत होते.

राजश्रीला आशीर्वाद.

धोंडाबाई

-

नांदेड,
२७ मार्च

ती. साडूभाऊ यांस नमस्कार.

विषय: रविवार, १२ एप्रिल रोजी सकाळी सात वाजता पखवाजासह उपस्थित राहणेबाबत.

फेट्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.

आमच्या गोलात एक अडचण आली आहे. सगळी वाद्यं वरच्या आवाजाची. खाली धरून ठेवणारं काही नाही. नीलाबाई म्हणाल्या, एखादा पखवाज असता तर. माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. आता सगळे वाट बघत आहेत. खांदा दुखत असेल तर हळू वाजवा, पण या.

आमच्या मंडळाचा एक नियम सांगायचा राहिला. वाजवण्याच्या तासाला कोणी बोलायचं नाही, गायचं नाही, मोजायचंही नाही. नीलाबाई सगळं हातांनीच सांगतात. काय सुरू आहे ते हातांकडे बघूनच ओळखायचं.

तुम्ही फेब्रुवारीत एक प्रश्न विचारला होता आणि मी तो थट्टेवारी नेला. चूक माझी. त्याचं नीट उत्तर असं: आम्ही एकवीस जण बसतो. मी स्वतः प्रत्येक जागेवर बसून पाहिलं. कुठल्याही जागेवरून सगळेच्या सगळे बेचाळीस हात दिसतात. कोणी आडवं येत नाही.

शनिवारी दुपारची गाडी धरा. मी स्टँडवर असेन, तासभर आधीपासून.

आपला,
उद्धव

-

चिंचवाडी
२९ एप्रिल

उद्धवराव,
रामराम.

नांदेडहून येऊन सतरा दिवस झाले आणि आज लिहितो आहे, रागावू नका. लिहायला एक गोष्ट पूर्ण व्हायची होती. ती परवा झाली.

आधी तुमची चोरी सांगतो. "आमच्यात कोणी बोलायचं नाही, मोजायचं नाही" हे वाचलं आणि मी तुमची सगळी पत्रं काढली. नऊ फेब्रुवारीच्या पत्रात तुमच्याच हातची ओळ आहे की नीलाबाई मोठ्याने एक, दोन, तीन, चार मोजतात. चौतीस वर्षं कागद सांभाळलेत आणि स्वतःचा कागद विसरलात. मला तेव्हाच समजलं की धोंडाबाईने लिहिलंय. तिच्यावर दोन दिवस तोंड फुगवून बसलो. तिसऱ्या दिवशी वाटलं, माझ्यासाठी वीस माणसं तासभर तोंड मिटून बसायला तयार आहेत आणि मी त्यांच्याकडे जाणार नाही, हा कसला माणूस. म्हणून निघालो.

मुखेडला पखवाज शेजारच्या सीटवर ठेवला म्हणून कंडक्टर काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. एरवी मी "हां, हां" म्हटलं असतं. त्या दिवशी म्हणालो, "भाऊ, उजव्या कानाशी बोल, मला ऐकू येत न्हाई." दोन वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा परक्या माणसापुढे बोललो. तो वाकून कानाशी म्हणाला, "काका, ह्याला खिडकीकडं सरकवा, पडल." एवढंच होतं. मी किती भ्यायलो होतो आणि एवढंच निघालं.

सकाळी राजश्रीने पोळ्यांच्या कणकेतला गोळा तोडून दिला आणि मी तो पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, दोनदा लावला आणि दोनदा काढला. तुम्ही बघितलंत आणि दुसरीकडे तोंड केलंत, ते मला दिसलं.

मग तुमचा गोल. भजनात मी नेहमी गाणाऱ्याच्या मागे बसलो. कान असेपर्यंत तिथे बसून चालत होतं, कान गेल्यावर पाठीकडे बघून काय कळणार? इथे समोर बेचाळीस हात. तेलाच्या डब्याच्या बाईंचा हात खाली आला की तो ठोका मला फरशीतून मांडीला कळायचा. नीलाबाईंनी तळवा खाली केला की सगळे हळू, मूठ मिटली की बंद. सगळे थांबले तेव्हा मीही थांबलो. त्यांच्याबरोबरच थांबलो. ते काय होतं तुम्हाला कळणार नाही, एकादशीला एकट्याने वाजवत राहिलेल्या माणसालाच कळेल. माझे डोळे भरून आले. धूर लागला म्हणून मी सांगितलं, पण त्या दिवशी ऊन कडक होतं आणि हलग्या शेकायला कोणी जाळ केलाच नव्हता.

तुम्ही मात्र अजून पाव मात्रा आधीच मारता. म्हणून तुमच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबावा लागला. चार फेऱ्या दाबला, पाचवीला सोडला, तेव्हा तुमचं टिपरू वीस जणांत मिसळून गेलं. तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तास संपल्यावर मी उभा राहून सगळ्यांना सांगितलं, मला ऐकू येत नाही. बहुतेक फार मोठ्याने सांगितलं, कारण बाहेरचा भाजीवालाही आत बघायला लागला. माझा आवाज किती होतो हे मला समजत नाही. कोणी हसलं नाही. एकेक जण काहीतरी बोलायला लागला आणि तुम्ही ती रकान्यांची वही काढून मला लिहून दाखवायला लागलात. "यांना साखर आहे." "या बाईंना झोप येत नाही." "यांची मुलं दूर आहेत." आणि शेवटी स्वतःकडे बोट करून लिहिलंत, "मला निवृत्ती आहे." तेव्हा मी हसलो. वही बंद करा म्हणून मी लिहिलं होतं, ते परत घेतो.

नियम कधीपासून आहे, असं मी नीलाबाईंना खोदून विचारलं. त्यांनी तुमच्याच वहीत लिहिलं, "आजपासून. आणि आम्हाला आवडला, तो ठेवणार आहोत."

आता लग्नाचं. मी रुसलो नव्हतो. पण मी रुसलो असं लोकांनी धरलं आणि मला ते बरं वाटलं, हे खरं आहे. रुसलेल्या जावयाची सगळा मांडव समजूत काढतो. बहिऱ्या जावयाला दोनदा हाक मारतात आणि तिसऱ्यांदा सोडून देतात. असं मला वाटत होतं. त्यापायी तुम्ही पाच महिने स्वतःला दोष देत बसलात, सासूबाई रडल्या. माझं चुकलं, उद्धवराव. तुमच्या सगळ्या पत्रांत जी माफी होती ती खरं तर माझ्याकडून तुमच्याकडे यायची होती. सासूबाईंना धोंडाबाईच्या फोनवरून मी स्वतः सगळं सांगितलं. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण धोंडाबाई हसत होती.

लातूरला जाऊन कान तपासला. उजव्या कानाला मशीन लागू पडेल म्हणाले, महिनाभरात मिळेल. डाव्याचं काही होणार नाही.

आणि परवा झालेली गोष्ट. परवा एकादशी होती. गवसणी काढली आणि देवळात गेलो. भागवतला म्हणालो, "माझ्याकडं तोंड करून गा. तुझं तोंड दिसलं की मला वाजवता येतंय." तो म्हणाला, "मग देवाकडं पाठ व्हती की." म्हाताऱ्या मंडळींत बराच वाद झाला. शेवटी भागवतनेच तोडगा काढला. सतरंजी उचलली आणि सगळ्यांना गोल बसवलं. अभंग संपला आणि माझा हात त्याच क्षणी थांबला. भागवतने टाळ खाली ठेवून माझ्या पाठीवर हात फिरवला.

धोंड्याच्या महिन्याचं आमंत्रण आलं. तुम्हालाही आलं असेल. फेटा मी घेऊन येतो, पेटीत जपून ठेवला आहे. सासूबाईंच्या समोर तो तुमच्या डोक्याला मी बांधणार आहे, आधी नाव तुमचं घेतलं होतं ना.

एकच करा. पाट मांडतील तेव्हा माझ्या उजव्या हाताला बसा. लग्नात डाव्या बाजूला तुम्ही काहीतरी म्हणालात ते मी फक्त कागदावर वाचलंय. ते चुकलंबिकलं काही नको, नुसतं "दादा" म्हणा, पण मोठ्याने म्हणा. तूप मी त्यानंतर मागीन.

तुमचा,
शेषेराव